अर्जातील ‘मी’ : उच्च शिक्षणासाठी स्वतःविषयी लिहिताना

आमच्या पिढीला महाविद्यालयाच्या अर्जासोबत जोडायच्या कागदांची यादी तोंडपाठ असे. गुणपत्रिका, शाळा सोडल्याचा दाखला, जातीचे प्रमाणपत्र, उत्पन्नाचा दाखला, रहिवासी दाखला. यांपैकी प्रत्येक कागद दुसऱ्या कोणीतरी आपल्याविषयी दिलेला असे. तलाठ्याने उत्पन्न सांगितले, तहसील कार्यालयाने जात सांगितली, मुख्याध्यापकांनी वर्तणूक सांगितली. अर्जदाराच्या वाट्याला उरत असे ती फक्त सही. गेल्या काही वर्षांत मात्र आपल्या वसतिगृहातील मुलामुलींसमोर एक असा कागद येऊ लागला आहे, जो कोणत्याही कार्यालयातून मिळत नाही. तो स्वतःच लिहावा लागतो आणि तोही स्वतःविषयीच. हा कागद म्हणजे अर्जासोबतचा वैयक्तिक निबंध. स्मरणिकेच्या निमित्ताने माजी विद्यार्थी, पालक आणि समाजबांधव एकत्र वाचणार असल्याने या निबंधाविषयी थोडे विस्ताराने लिहावे असे आम्हांस वाटले.

आधी हा कागद कोण मागते ते पाहू. अमेरिकेतील हजाराहून अधिक महाविद्यालये ‘कॉमन ॲप्लिकेशन’ नावाचा एकच सामाईक अर्ज स्वीकारतात. त्यात किमान २५० आणि कमाल ६५० शब्दांचा एक निबंध असतो. विषय ढोबळ असतात. ओघ असा की, तुम्ही कोण आहात आणि एखाद्या अनुभवाने तुमच्यात काय बदलले ते सांगा. इंग्लंडमध्ये पदवीचे अर्ज ‘यूकास’ या मध्यवर्ती संस्थेमार्फत जातात. तेथे ४००० अक्षरांचे ‘पर्सनल स्टेटमेंट’ लागते. २०२६ च्या प्रवेशापासून ते सलग न लिहिता तीन प्रश्नांची उत्तरे म्हणून लिहायचे आहे : हा विषय का निवडला, आजवरच्या शिक्षणाने त्याची तयारी कशी झाली, आणि शाळेबाहेर काय केले. अमेरिकन निबंध माणूस विचारतो आणि इंग्रजी निबंध विषय विचारतो, हा फरक मुलांनी सुरुवातीलाच ध्यानात घ्यावा. पदव्युत्तर अभ्यासासाठी ‘स्टेटमेंट ऑफ पर्पज’ म्हणजे उद्देशपत्र लागते. ब्रिटिश शासनाच्या चेवनिंग शिष्यवृत्तीला चार निबंध द्यावे लागतात. आपल्या देशातही सोनीपतच्या अशोका विद्यापीठासारख्या संस्था पदवीच्या अर्जात निबंध घेतात.

हे सगळे मानोऱ्यापासून फार दूरचे आहे असे कोणास वाटेल. तसे ते राहिलेले नाही. महाराष्ट्र शासनाची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती दरवर्षी अनुसूचित जातीच्या व नवबौद्ध समाजाच्या ७५ विद्यार्थ्यांना मिळते. ही शिष्यवृत्ती मागण्यापूर्वी परदेशी विद्यापीठाचे प्रवेशपत्र हातात असावे लागते. आणि त्या प्रवेशपत्राच्या वाटेवर हा निबंध उभा असतो. म्हणजे शासनाने दार उघडले तरी उंबऱ्यावर पुन्हा एक परीक्षा आहे, आणि तिची शिकवणी तालुक्याच्या ठिकाणी कोठेच मिळत नाही. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातील राजू केंद्रे हे चेवनिंग शिष्यवृत्तीवर लंडनच्या ‘सोआस’ मध्ये शिकले. त्यांच्या एकलव्य फाउंडेशनने घरातील पहिल्याच पिढीत शिकणाऱ्या मुलांना अशा अर्जांसाठी मार्गदर्शन करण्याचे काम हाती घेतले आहे. असे प्रयत्न वाढत आहेत, हे समाधानाचे. पण मार्गदर्शक आला तरी लिहायचे मुलालाच असते.

आणि लिहायला बसले की आपली मुले अडतात. ती मंदबुद्धी नाहीत आणि त्यांच्यापाशी सांगण्यासारखे काही नाही असेही नाही. कारण निराळेच आहे. दहा वर्षे आपण त्यांच्याकडून निबंध लिहून घेतो. नदीचे आत्मवृत्त, फाटक्या पुस्तकाचे मनोगत, वठलेल्या झाडाची कैफियत, मी पंतप्रधान झालो तर. नदी, पुस्तक, झाड, पंतप्रधान या साऱ्यांच्या वतीने मूल ‘मी’ म्हणून बोलते. स्वतःच्या वतीने एकदाही बोलत नाही. गाइडमधील अलंकारिक वाक्ये पाठ करून गुण मिळत गेल्यामुळे निबंध म्हणजे कोणालाही लागू पडेल असे लेखन, ही समजूत पक्की होते. अर्जातील निबंधाला नेमके उलटे हवे असते. दुसऱ्या कोणाच्याही अर्जावर चिकटवता येणार नाही असे लेखन.

मराठीत विद्यार्थ्याने स्वतःविषयी लिहिण्याची परंपरा नाही असे मात्र कोणी समजू नये. १८५५ साली ‘ज्ञानोदय’ या नियतकालिकात मुक्ता साळवे या विद्यार्थिनीचा निबंध छापून आला. ती क्रांतिबा जोतीराव आणि क्रांतिज्योती सावित्रीबाई यांच्या शाळेतली. वय सुमारे चौदा वर्षे, जात मांग. विषय होता मांग-महारांचे दुःख. वेद जर केवळ ब्राह्मणांचेच असतील तर आम्हांला धर्मपुस्तकच नाही, मग आमचा धर्म कोणता, असा प्रश्न त्या मुलीने विचारला. पेशवाईत तालीमखान्यापुढून जाणाऱ्या अस्पृश्याचे मुंडके चेंडूसारखे खेळायला घेतले जाई, हे तिने लिहिले. आपल्या बायका बाळंत होतात तेव्हा त्यांच्या डोक्यावर छप्परही नसते, हेही लिहिले. इतिहासाचा विद्यार्थी म्हणून आम्हांस या निबंधात सर्वांत मोलाची वाटते ती तिची नजर. छप्पर, तालीमखाना, पोथी; ती डोळ्यांना दिसणाऱ्या वस्तूंवर बोट ठेवते आणि मग प्रश्न विचारते. आपल्याकडील किती शाळांत हा निबंध मुलांकडून वाचून घेतला जातो, हे ज्याचे त्याने पाहावे.

अर्जदार म्हणून परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे उदाहरण तर आपल्या घरचेच आहे. १९१३ साली बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी काही विद्यार्थ्यांना अमेरिकेत कोलंबिया विद्यापीठात पाठवायचे ठरवले. त्या वेळच्या भेटीचा वृत्तान्त चरित्रकारांनी नोंदवला आहे. महाराजांनी तरुण भीमरावांना विचारले की कोणता विषय शिकणार आणि शिकून काय करणार. उत्तर होते समाजशास्त्र, अर्थशास्त्र आणि त्यातही सार्वजनिक वित्त. आणि आपल्या समाजाच्या उन्नतीचा मार्ग या अभ्यासातून शोधायचा आहे. ४ जून १९१३ रोजी करारावर सही झाली. दरमहा साडेअकरा पौंड, मुदत तीन वर्षे. आज ज्याला उद्देशपत्र म्हणतात त्याचा गाभा या दोन प्रश्नांतच आहे. ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की उत्तरात विषयाचे नाव नेमके आहे. ‘उच्च शिक्षण घेऊन समाजसेवा करायची आहे’ असे मोघम वाक्य तेथे नाही. आपल्या मुलांच्या दहा मसुद्यांपैकी आठांत मात्र तेच असते.

तथापि स्वतःविषयी कसे लिहावे याचा खरा वस्तुपाठ बाबासाहेबांच्या दुसऱ्या एका लेखनात आहे. ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ हे त्याचे नाव. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेले हे छोटेसे इंग्रजी लेखन पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकेच्या रूपाने प्रसिद्ध केले. कोलंबिया विद्यापीठात ते अभ्यासासाठी वापरले जाते. अस्पृश्यता म्हणजे काय हे परदेशी वाचकाला कळावे हा त्याचा हेतू. सुरुवातीलाच बाबासाहेब सांगतात की हे दोन रीतींनी करता येईल. एक म्हणजे सर्वसाधारण वर्णन, आणि दुसरी म्हणजे घडलेले प्रसंग नोंदवणे. दुसरी रीत अधिक परिणामकारक वाटल्याने आपण ती स्वीकारली, असे ते म्हणतात. अर्जातील निबंध शिकवताना आम्ही मुलांना प्रथम हाच भाग वाचायला देतो. सर्वसाधारण वर्णन की प्रसंग, हा प्रश्न एवढ्या मोठ्या विद्वानालाही पडला होता. त्यांनी तो विचारपूर्वक सोडवला.

पहिला प्रसंग पाहा. साल १९०१. वडील कोरेगावी नोकरीला. सुट्टीत वडिलांकडे जाण्यासाठी भीमराव, त्यांचे थोरले बंधू आणि वारलेल्या बहिणीची मुले सातार्‍याहून निघतात. नवे सदरे, जरीच्या टोप्या, नवे जोडे, रेशीमकाठी धोतरे. मसूर स्टेशनवर उतरतात तो न्यायला कोणी आलेले नसते, कारण वडिलांना पत्रच पोचलेले नाही. स्टेशनमास्तर आधी मायेने चौकशी करतो, जात कळताच मागे होतो. बैलगाडीवाला दुप्पट भाडे घेऊन तयार होतो, पण गाडी मुलांनी हाकायची. सोबत जेवणाचा डबा भरलेला आहे, आणि पाणी नाही. रात्रभर भरल्या डब्यापाशी मुले उपाशी राहतात, कारण घोटभर पाण्याशिवाय घास उतरत नाही. जकात नाक्यावरच्या माणसाकडे पाणी मागितले तर तोही देत नाही.

या वृत्तान्तात ‘आम्ही फार गरीब होतो’ असे एकही वाक्य नाही. उलट कपडे चांगले होते, खिशात पैसे होते, डबा भरलेला होता. म्हणून तर पाण्याचे न मिळणे वाचकाला बोचते. बडोद्याच्या प्रसंगातही असेच. परदेशातून शिकून आलेला तरुण अधिकारी, पारशी धर्मशाळेतील माडीवरची अडगळीची खोली, रोजचे दीड रुपया भाडे, एकच मिणमिणता दिवा, आणि अकराव्या दिवशी सकाळी काठ्या घेऊन जिना चढून आलेली डझनभर माणसे. तो प्रसंग आठवला की डोळे भरून येतात, असे बाबासाहेब लिहितात. पण कधी लिहितात? सारे घडून गेल्यावर, एका वाक्यात. तोवर वाचकाने जिना, काठ्या आणि दिवा पाहिलेला असतो. शेवटचे दोन प्रसंग तर त्यांच्या स्वतःच्या आयुष्यातले नाहीतच. ते दुसऱ्यांचे आहेत, आणि ते दुसऱ्यांचे आहेत असे त्यांनी स्वच्छ सांगितले आहे. आपले दुःख किती आणि समाजाचे किती, यांची सरमिसळ त्यांनी केली नाही.

सकाळच्या वंदनेत आपली मुले धम्माच्या गुणांत ‘एहिपस्सिको’ हा शब्द रोज उच्चारतात. या आणि पाहा. निबंध वाचणाऱ्या अनोळखी माणसालाही एवढेच हवे असते.

आता आपल्या परिसरातील एक उदाहरण देतो. विद्यार्थिनीचे गाव व ओळखीच्या खुणा जाणूनबुजून गाळल्या आहेत. तिला पदवीला अर्थशास्त्र घ्यायचे होते. पहिला मसुदा साधारण असा होता : मी एका गरीब शेतमजूर कुटुंबात जन्मले, लहानपणापासून मला शिक्षणाची आवड आहे, शिक्षण हे परिवर्तनाचे साधन आहे, मला देशाची सेवा करायची आहे. मध्ये एका थोर शास्त्रज्ञाचे स्वप्नांविषयीचे वचनही होते. खोटे काहीच नव्हते, आणि तिचे म्हणता येईल असेही काही नव्हते. आम्ही कागद बाजूला ठेवला आणि विचारले, दसरा-दिवाळीच्या दिवसांत घरी गेल्यावर काय करतेस? ती म्हणाली, आईसोबत सोयाबीनच्या सोंगणीला जाते. किती जणी असता? अकरा. मजुरी कशी? एकरावर, गुत्त्याने. हिशेब कोण ठेवते? ती किंचित थांबली आणि म्हणाली, “मीच ठेवते, सर.”

निबंध तेथे सुरू झाला. त्या हिशेबाच्या वहीत एक शेत दर वर्षी ‘दोन एकर’ म्हणून लिहिलेले होते. बायका म्हणत, हे दोन एकर काही उरकत नाही. दुसरीकडची दोन एकरे तिसऱ्या प्रहरी होतात, याला अंधार पडतो. शाळेत तिने गुंठा शिकलेला : ३३ फूट लांब, ३३ फूट रुंद, ४० गुंठ्यांचा एकर. तिने विहिरीच्या दोराचा ३३ फुटांचा तुकडा मोजून घेतला आणि बांधाने चालत गेली. एका बाजूने दहा दोर, दुसऱ्या बाजूने नऊ. शेत काटकोनी होते हे तिचे नशीब, नाहीतर एवढ्या भूमितीवर भागले नसते. दहा गुणिले नऊ, म्हणजे ९० गुंठे. मजुरी मिळत होती ८० गुंठ्यांची. पाव एकर सोयाबीन अकरा बायका दर वर्षी फुकट कापत होत्या.

पुढच्या हंगामात बायकांनी विळा लावण्याआधी शेत मोजायला सांगितले. मालकाने त्या वर्षी दुसरी टोळी आणली. निबंधात हे लिहावे की नाही, यावर ती आठवडाभर घुटमळली. शेवट यशाचा असावा असे तिला कोणीतरी सांगितले होते. तिने ते लिहिले आणि त्यापुढे एक प्रश्न लिहिला : दुसऱ्या टोळीतल्या बायकांनाही शेत मोठे आहे हे पहिल्या दिवशी कळलेच असेल, मग त्या का राबल्या? मला अर्थशास्त्र शिकायचे आहे ते या प्रश्नासाठी, असे तिचे म्हणणे. ६५० शब्दांत ‘गरीब’ हा शब्द एकदाही आला नाही. ती आता बाहेरगावी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे.

येथे पालकांच्या एका आक्षेपाकडे वळणे भाग आहे. एका वडिलांनी आम्हांला स्पष्टच विचारले होते, “सर, आपल्या घरचं दुखनं परक्याइले कायले सांगाव? थे काय आपल्यासाठी रडनार हायेत?” हा प्रश्न अडाणीपणाचा नाही. ज्या समाजाने जोहार टाकला, हात पसरणे टाकले, त्या समाजातील बापाने हे विचारावे यात बाबासाहेबांची शिकवणच बोलते. शिवाय त्यांची शंका निराधारही नाही. दूरच्या शहरात बसून अर्ज वाचणाऱ्यांपैकी काहींना दुःखाच्या कथेची गोडी असते, आणि हे ओळखून काही शिकवणी वर्ग मुलांना दुःख वाढवून लिहायला सांगतात. मग ज्याच्याकडे पुरेसे दुःख नाही तो ते उसने आणतो, आणि ज्याच्याकडे आहे तो ते चव्हाट्यावर मांडतो. दयेपोटी मिळालेला प्रवेश विद्यार्थ्याच्या मानगुटीवर चार वर्षे बसून राहतो, असे आमचे मत आहे.

त्या वडिलांना आम्ही दिलेले उत्तर असे की, याचना आणि साक्ष या दोन गोष्टी आहेत. याचना करणारा ऐकणाऱ्याच्या तोंडाकडे पाहतो. साक्ष देणारा घडलेल्या गोष्टीकडे पाहतो. ‘व्हिसा’ मधील नऊ वर्षांचा मुलगा कोणाकडे काही मागत नाही, पाणी सोडले तर. मात्र याच न्यायाने एक मर्यादाही येते. घरातील कोणती गोष्ट सांगायची हे एकट्या मुलाने ठरवू नये. आईचा आजार, वडिलांचे व्यसन, बहिणीचे मोडलेले लग्न या गोष्टी त्यांच्याही आहेत. त्यांना विचारावे, मसुदा वाचून दाखवावा, आणि त्यांनी नको म्हटले तर विषय बदलावा.

आपल्या वऱ्हाडात याहून कठीण प्रसंग येतो. वडिलांनी कर्जापायी जीव दिलेला आहे, अशी मुले आपल्या शाळांत आहेत. त्यांची संख्या सांगण्याची गरज नाही. सल्ला देणारे त्यांना म्हणतात, तुझ्याकडे तर विषय आहे. हे शब्द आम्हांला क्रूर वाटतात. त्या मुलाने त्याविषयी लिहिलेच पाहिजे असे कोणतेही विद्यापीठ म्हणत नाही. अशा एका मुलाने विहिरीवरील जळालेली मोटार खोलून वायंडिंग शिकल्याविषयी लिहिले; तांब्याच्या तारेचे वेढे मोजताना चूक झाली की सगळे उसवून पुन्हा पहिल्यापासून कसे सुरू करावे लागते याविषयी. वडिलांचा उल्लेख एका ओळीत आला, तोही मोटार त्यांनी विकत घेतली होती म्हणून. त्याला तेवढेच सांगायचे होते आणि तेवढे पुरे होते.

जातीविषयी लिहावे का, हाही प्रश्न वारंवार येतो. शासकीय अर्जात जातीचा रकाना असतो, तेथे ती भरली जाते. निबंधात ती केवळ ओळख म्हणून आणण्याचे कारण नाही. पण प्रसंगच जातीमुळे घडलेला असेल तर ती गाळणे म्हणजे ‘व्हिसा’ मधील स्टेशनमास्तर मागे का सरला हे न सांगण्यासारखे होईल. परदेशी वाचकाला जात ठाऊक नसते. एका साध्या वाक्यात समजावून द्यावे आणि पुढे जावे.

लिहिण्याच्या रीतीविषयी आता थोडक्यात. पहिला मसुदा मराठीत लिहावा, आणि शक्य तर घरी बोलतो त्या वऱ्हाडीत किंवा तांड्यावरच्या गोरबोलीत. आपल्या तालुक्यात पोहरादेवी आहे. बंजारा समाजाची अनेक मुले आपल्याकडे शिकतात. त्यांच्या बोलीतला तपशील प्रमाण मराठीत येईपर्यंत निम्मा गळतो आणि इंग्रजीत उरलेला निम्मा. म्हणून आधी बोलीत साठवावा आणि मग उतरवावा. इंग्रजी साधे असावे. शब्दकोशातून भारदस्त शब्द उचलून लावले की वाक्य परक्याचे अंगरखे घातल्यासारखे दिसते. ‘सोंगणी’, ‘हडंबा’ असे शब्द तसेच ठेवून अर्थ त्याच वाक्यात सुचवता येतो. ‘आम्ही’ टाळावे. आम्ही स्वतः हा लेख ‘आम्ही’ म्हणून लिहीत आहोत, ही स्मरणिकेतील लेखांची जुनी रीत. मुलांनी ती अर्जात उचलू नये. आपली मुले ‘मी’ लिहायला लाजतात, ‘आमचा समाज’, ‘आमची पिढी’ यांच्या आड उभी राहतात. दोर कोणी मोजला? मी मोजला. एवढे लिहिण्यास हरकत नसावी.

नेट कॅफेत मिळणारे तयार नमुने आणि आता मोबाइलवर क्षणात निबंध लिहून देणारी कृत्रिम बुद्धिमत्तेची साधने यांविषयी मुले विचारतात. व्याकरण तपासायला किंवा अवघड शब्दाचा अर्थ पाहायला साधन वापरावे, अर्जाचा नियम परवानगी देत असेल तर. पण जे यंत्र मानोऱ्याच्या बांधावरून कधी चालले नाही, ते दहा दोर आणि नऊ दोर कोठून आणणार? ते पुन्हा ‘शिक्षण हे परिवर्तनाचे साधन आहे’ येथेच आणून सोडते. ‘मी एक संस्था स्थापन केली’ असली फुगवलेली विधानेही टाळावीत. मुलाखतीत दुसऱ्याच प्रश्नाला ती फुटतात. शिफारसपत्रे लिहिणाऱ्या गुरुजनांसही विनंती आहे की ‘होतकरू, आज्ञाधारक व सुस्वभावी’ हे तीन शब्द काही वर्षे विश्रांतीला पाठवावेत. विद्यार्थ्याने वर्गात विचारलेला एखादा प्रश्न लिहिला तर ते पत्र वाचले जाईल.

वाचन म्हणून आम्ही मुलांना दया पवारांचे ‘बलुतं’, बेबीताई कांबळे यांचे ‘जिणं आमुचं’, उर्मिला पवार यांचे ‘आयदान’ देतो. या पुस्तकांची नक्कल करण्यासाठी नव्हे. आपल्या घरातल्या, आपल्या वस्तीतल्या गोष्टी कागदावर उतरण्याच्या योग्यतेच्या आहेत हा धीर यावा म्हणून.

वेळेचे भान सर्वांत आधी ठेवावे लागते आणि तेच सर्वांत शेवटी ठेवले जाते. अमेरिकेतील अनेक महाविद्यालयांच्या मुदती नोव्हेंबरच्या आणि जानेवारीच्या पहिल्या तारखेला असतात. यूकासची मुख्य मुदत जानेवारीत. म्हणजे नेमके सोयाबीन निघण्याचे दिवस, आणि पाठोपाठ बारावीच्या प्रात्यक्षिक परीक्षा. म्हणून अकरावीच्या उन्हाळी सुट्टीतच पहिला मसुदा व्हावा. चार-पाच मसुदे तर लागतातच.

हे मसुदे वाचायला माणसे हवी आहेत. आपले माजी विद्यार्थी आज पुणे, नागपूर, मुंबई येथे आणि काही परदेशांतही आहेत. प्रत्येक आयुष्मान आणि आयुष्मतीने वर्षाला एका मुलाचा निबंध वाचण्याचे मनावर घेतले तरी शाळेचे काम भागेल. वाचणाऱ्यांना सूचना एकच. लाल शाई वापरू नये आणि स्वतःची वाक्ये घालू नयेत. समासात प्रश्न लिहावेत : किती जणी होत्या, दोर कशाचा होता, आई त्यावर काय म्हणाली. मसुदे उन्हाळी सुट्टी संपताच वसतिगृहाच्या कार्यालयातून पाठवले जातील. ज्यांना वाचायचे आहेत त्यांनी आपले नाव आणि कोणता विषय नीट कळतो तेवढे तेथे नोंदवावे.